दुसऱ्या हौदाचं पाणी

चिमणीच्या बोटांतून रक्त आलं तो सोमवार होता, आणि त्या दिवशी शेतांतून आलेल्या पालकाला नेहमीपेक्षा जास्त चिखल होता.

चिमणी म्हणजे धुण्याच्या खोलीतली सगळ्यांत लहानखुरी बाई. हौदाशी उभं राहायचं तर तिला पायाखाली उलटा क्रेट घ्यावा लागे. हात मात्र असे चालत की पान कधी उचललं, कधी बुडवलं आणि कधी पुढं सरकवलं ते बघणाऱ्याला कळू नये. दाणे टिपल्यासारखं. तिच्या शेजारी रेडिओ उभी राही. तिचं तोंड सकाळी सातला सुरू व्हायचं ते सुट्टीच्या घंटेलाच बंद व्हायचं. अशा नऊ बायका होत्या, आणि नऊजणींवर पाणीताई.

पाणीताईला या खोलीत बावीस वर्षं झाली होती. पाण्याचा रंग बघून ती सांगे, आज माल कुठल्या शेताचा आहे. पाण्यात बोट घालून सांगे, औषध किती आहे. मालकसुद्धा हौदाजवळ आले की आधी तिच्या तोंडाकडे बघत, मग पाण्याकडे.

खोली लांबट होती, खिडक्या नव्हत्या, आणि बारा महिने गार ठेवलेली. स्टीलचे तीन हौद एकापुढे एक. पहिल्यात माती सुटायची. दुसऱ्यात औषधाचं पाणी. तिसऱ्यात साधं, गार. तिथून पानं जाळीच्या पट्ट्यावर चढायची, फिरत्या टोपलीत निथळायची आणि पलीकडच्या खोलीत पिशव्यांत भरली जायची. पिशवीवर हिरव्या अक्षरांत छापलेलं असे : धुतलेली आहेत. थेट खा.

बायकांनी या तीन हौदांचं गाणंही केलं होतं. कुणी केलं ते कुणाला आठवत नव्हतं. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं उचलायची.

पहिल्या गं हौदात, माती माहेराची गेली,
दुसऱ्या गं हौदात, बाई, बोटं पांढरी झाली,
तिसऱ्या गं हौदात, पान हिरवं हसलं,
कुणाच्या गं ताटात, बाई, जाऊन बसलं.

बोटं पांढरी करणारं ते औषध म्हणजे क्लोरीन. डब्यावर तसं नाव होतं, पण खोलीत त्याला औषधच म्हणत. दुसऱ्या हौदाच्या अलीकडच्या टोकाला एक छोटा पंप बसवलेला होता. त्याच्या नळीतून ते थेंबथेंब पाण्यात पडे. पंपाला एक खुंटी, एकपासून दहापर्यंत आकडे. खुंटी कायम सहावर. दर तासाला पाणीताईनं कागदाची एक पट्टी पाण्यात बुडवायची, दहा आकडे मोजायचे, आणि पट्टी जांभळी झाली की रजिस्टरमध्ये 'ठीक' लिहायचं. फिकी राहिली तर खुंटी वाढवायची. पट्टी बुडवायची ती मात्र पलीकडच्या टोकाला, पानं जिथून बाहेर पडतात तिथं. कारण चिखल औषध खातो. तिथवर जाईपर्यंत जे उरेल तेच खरं.

"ताई, या पट्टीपेक्षा आमचे हे बरे," रेडिओ म्हणायची. "नुसतं आत आल्या आल्या जांभळे होतात. दहा मोजायची गरज नाही."

त्या सोमवारी मात्र रेडिओच आधी गप्प झाली. मग म्हणाली, "ताई, हिचे हात बघा."

"काही नाही हो," चिमणी म्हणाली आणि हात पाण्यात आणखी खोल नेले.

"काढ बाहेर. दाखव."

बोटांची पेरं चिरली होती. दोन बोटांच्या चिरांतून रक्त येत होतं, आणि कातडी अशी पांढरी, सुरकुतलेली, की हात चिमणीच्या आजीचे वाटावेत. पातळ हातमोजे तिनं घातले होते, पण मनगटातून पाणी आत शिरत होतं आणि आतच साचून राहत होतं. जाड मोजे मागवले होते. ते येणार होते, गेला महिनाभर येणारच होते.

नियम असा की रक्त निघालेला हात हौदात जायचा नाही, बाईला घरी पाठवायचं. पण त्या महिन्यात चिमणी दोनदा घरी गेली होती. तिसऱ्यांदा गेली की तिच्या क्रेटवर दुसरी कुणीतरी उभी राहणार, हे तिला ठाऊक होतं आणि ताईलाही.

ताईनं तिच्या बोटांना चिकटपट्ट्या लावल्या. वर दोन-दोन मोजे चढवले, मनगटाशी रबर लावलं, आणि तिला तिसऱ्या हौदाकडे पाठवलं. जागेवर परत येता येता पंपाशी थांबली आणि खुंटी सहावरून तीनवर आणली. चिमणीसाठी तर आणलीच. पण उरलेल्या आठजणींचे हातही तिनं त्या क्षणी बघितले. नऊ बायका, अठरा हात, एकही धड नाही.

"हे काय करताय?" रेडिओनं विचारलं.

"काही नाही. जाड मोजे येईपर्यंत."

तासाभरानं तिनं पलीकडच्या टोकाला पट्टी बुडवली. दहा मोजले. पट्टी फिकी गुलाबी, उन्हात विटलेल्या कापडासारखी. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग अलीकडच्या टोकाला गेली, नळीच्या अगदी तोंडाशी, जिथं औषध नुकतंच पडत होतं, आणि नवी पट्टी बुडवली. पट्टी जांभळी झाली. तिनं लिहिलं, ठीक.

मंगळवारी तसंच. बुधवारी तसंच.

गुरुवारी सकाळी जाड मोजे आले. ताईनं खुंटी पुन्हा सहावर नेली आणि पलीकडच्या टोकाला जाऊन पट्टी बघितली. जांभळी. तिच्या मनावरचं ओझं उतरलं. त्या तीन दिवसांत बायकांचे हात थोडे भरून आले होते, आणि तिला वाटलं, देवानं निभावून नेलं. कुणाचं काही बिघडलं नाही.

त्या जागेची एक रीत होती. पानं निवडताना जी फाटत, मोडत, ती पिशवीत घालता येत नसत. तिन्ही हौदांतून गेलेली, पण रूप गेलेली. सुट्टीच्या घंटेला ती एका टोपलीत जमा होत आणि बायका वाटून घेत. मंगळवारी फाटकी पानं भरपूर निघाली होती. चिमणीनं ओंजळभर जास्त घेतली.

"भिंगरीला हवीत," ती म्हणाली. "कच्चीच खाते. ससा होते आणि दारामागं बसून खाते. म्हणते, आई, मला हाक मार, पण मी बोलणार नाही, ससे बोलत नाहीत."

"मग पाठव की इकडे," रेडिओ म्हणाली. "न बोलणारं कुणीतरी इथं हवंच आहे."

भिंगरी चिमणीची मुलगी. चार वर्षांची. जागच्या जागी गिरक्या घेत राहायची म्हणून भिंगरी.

शुक्रवारी चिमणी आली नाही. पोरीचं पोट दुखतंय, असा निरोप आला. शनिवारीही आली नाही. रविवारी दुपारी रेडिओ पाणीताईच्या दारात उभी राहिली. दम लागलेला, आणि पहिल्यांदाच तिला शब्द सापडत नव्हते.

"भिंगरीला रक्त पडतंय, ताई. शौचातून. मोठ्या दवाखान्यात नेलंय."

दवाखान्यात मुलांचा कक्ष दुसऱ्या मजल्यावर होता. बाहेर लांब बोळ, भिंतीला लावलेली प्लॅस्टिकची बाकं, आणि कोपऱ्यात पाण्याचा पिंप. बाकावर चिमणीची सासू बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. चिमणी भिंतीला टेकून उभी होती. बाकावर जागा होती, तरी उभी होती.

"लघवी थांबलीये म्हणतात," चिमणी सांगायला लागली. "डॉक्टर म्हणाले, पोटातल्या जंतूचं विष मूत्रपिंडात उतरलंय. काय खाल्लं होतं विचारत होते. मी सगळं सांगितलं. पानांचंही सांगितलं."

"सांगितलं म्हणे," सासू समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "आणायच्या आधी सांगायचं. कामावरचा पाला उचलून आणायचा आणि लेकराच्या पुढ्यात टाकायचा. घरी आणल्यावर एकदा पाण्याखाली धरवला नाही हिला. मी म्हटलंही होतं, अगं, धू. म्हणाली, धुतलेलंच आहे."

"धुतलेलीच होती ना ताई?" चिमणीनं विचारलं. डोळे ताईच्या तोंडावर लावून, जसे मालक लावायचे. "मी स्वतः धुतली होती. तिसऱ्या हौदात मीच होते की त्या दिवशी."

पाणीताई म्हणाली, "हो. धुतलेलीच होती."

तिला वाटलं होतं आपला आवाज कापेल. तो जराही कापला नाही, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

मंगळवारी तपासणीच्या बाई आल्या. वयानं लहान, केस जाळीत बांधलेले, चपलांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या. बरोबर मालक. गावात अकराजण आजारी होते, त्यांतले चार दवाखान्यात. एकाच्या घरी फ्रिजमध्ये अर्धी पिशवी मिळाली होती, तिच्यात तो जंतू सापडला होता. पिशवीवर गेल्या मंगळवारची तारीख होती.

"हा जंतू गुराढोरांच्या पोटात असतो," तपासणीच्या बाई म्हणाल्या. त्या सगळ्याजणींना समजावत होत्या, शाळेत समजावतात तसं, पण आवाजात कंटाळा नव्हता. "शेणातून, ओढ्याच्या पाण्यातून पिकावर येतो. एखाद्या शेतातल्या चार जुड्यांवर असेल. डोळ्यांना दिसत नाही, वास येत नाही, पान टवटवीतच राहतं. पानाच्या शिरांत, चुरगळलेल्या कडेत जाऊन बसला की घरच्या नळाखाली कितीही धुवा, पुरता निघत नाही. भाजी शिजवली तर मरतो. पण ही कच्ची खायची."

पाणीताईला चिमणीची सासू आठवली. म्हणाली होती, पाण्याखाली धरवलं नाही. म्हणजे धरूनही फारसं काही झालं नसतं.

"मग हौद कशाला आहेत?" रेडिओनं विचारलं.

"चांगलं विचारलंत. हौदातलं औषध पानावरचे सगळे जंतू मारू शकत नाही. त्याचं खरं काम वेगळं. पाण्यात सुटलेला जंतू पाण्यातच मरायला हवा. औषध कमी पडलं तर तो मरत नाही, आणि मग चार जुड्यांवरचा जंतू पाणी हजार जुड्यांना वाटतं."

"म्हणजे धुतल्यामुळंच पसरतो?" पाणीताईनं विचारलं.

"हो. न धुता विकली असती तर चार घरांत गेला असता."

खोलीत फक्त पंपाचा आवाज येत होता. टप. टप. रेडिओ ताईकडे बघत होती. ताईनं तिच्याकडे बघितलं नाही.

मग रजिस्टर उघडलं गेलं. तपासणीच्या बाईंनी पानावरून पेन्सिल हळूहळू खाली नेली.

"सोमवार ठीक. मंगळवार ठीक, ठीक, ठीक. बुधवार ठीक. पट्टी पलीकडच्या टोकाला घेता ना?"

"हो," पाणीताई म्हणाली.

"संध्याकाळी हौद पूर्ण रिकामा करता?"

इथं मालक मधे बोलले. "अर्धा करतो, बाई. पाणी पुरत नाही. अर्धं ठेवायचं, सकाळी वर ताजं भरायचं. औषध बरोबर असलं तर चालतं, तुमच्याच आधीच्या साहेबांनी लिहून दिलंय."

"औषध बरोबर असलं तर चालतं," त्यांनी मान हलवली. "आणि रजिस्टरप्रमाणे ते बरोबर आहे. म्हणजे मंगळवारी एखाद्या शेतातून फारच दूषित माल आला असणार. ओढ्याकाठच्या शेताचा होता ना? त्या शेताचं आपण बघू. मंगळवारच्या सगळ्या पिशव्या दुकानांतून परत मागवायच्या. बुधवारच्या राहू देत."

बुधवारच्या राहू देत. पाणीताईनं ते ऐकलं, आणि तिच्या मनानं हिशेब केला तो आपोआप, बावीस वर्षं हात करत आले तसा. मंगळवारचं अर्धं पाणी बुधवारी हौदातच होतं. वर ताजं भरलं, तरी खालचं तेच. खुंटी तीनवर. बुधवारची सगळी पानं त्या पाण्यातून गेली. पिशवीला बारा दिवसांची मुदत. आज सहावा.

मालक जाताना तिच्याजवळ थांबले. "रजिस्टर चोख आहे म्हणून वाचलो, ताई. तुमच्यासारखी बाई नसती तर आज कुलूप लागलं असतं." ते मनापासून बोलत होते.

संध्याकाळी घरी जाताना ती कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात शिरली. घ्यायचं काहीच नव्हतं. काचेच्या दाराचं गार कपाट होतं, आणि त्यात दुधाच्या खालच्या फळीवर त्या पिशव्या. हिरवी अक्षरं. बुधवारची तारीख. पाण्याचे बारीक थेंब पिशवीच्या आतून चिकटलेले, आणि आत पानं इतकी कोवळी, इतकी हिरवी, की कुणालाही हात घालावासा वाटेल.

एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिच्या खांद्यावरून हात घालून एक पिशवी उचलली.

"ती घेऊ नका," ती म्हणाली.

"का हो?"

"शिळी आहे."

त्यांनी चष्मा वर करून पिशवी डोळ्यांजवळ नेली. "अजून सहा दिवस आहेत की. आणि बघा, कशी ताजी आहे."

"आजोबा, दुसरं काहीतरी घ्या. दुधीभोपळा घ्या. शिजवून खा."

"बाई, मला सत्तर वर्षं लोक शिजवून खा म्हणताहेत," ते हसले. "आता दात गेल्यावर हौस आलीये, तर बायको म्हणते, कोवळं खा. तुम्ही नका मोडता घालू."

तिनं त्यांच्या हातातून पिशवी काढून घेतली. ओढूनच. म्हातारे बघत राहिले. मग तिनं कपाटातल्या उरलेल्या सगळ्या काढल्या, छातीशी धरल्या आणि गल्ल्यावर नेऊन ओतल्या.

दुकानदार पोरगेला होता, गमत्या. "मावशी, घरात ससे पाळलेत वाटतं?"

तोंडावर पदर धरून ती नुसती उभी राहिली, आणि पोरगा घाबरून म्हणाला, "अहो, गंमत केली, मावशी. गंमत केली."

बाहेर दुकानाच्या पायरीवर ती बसली. मांडीवर नऊ पिशव्या. समोरच्या रस्त्यावर याच तारखेच्या पिशव्या घेऊन किती माणसं घरी चालली असतील? या गल्लीत एक दुकान. पुढच्या चौकात दोन. गावात किती? आपल्या दोन हातांनी किती काढणार? तपासणीच्या बाईंनी सकाळी दिलेलं कार्ड तिच्या बटव्यात होतं. बराच वेळ ती त्यावरचे आकडे बघत बसली. वाचता येत होते, पण जुळत नव्हते. मग जुळले.

"मी पाणीताई बोलतेय. धुण्याच्या खोलीतली."

"बोला."

"बुधवारचा माल परत मागवा. आत्ता. उद्यावर ठेवू नका."

"का?"

तिनं सगळं सांगितलं. खुंटी, तीन, नळीचं तोंड, अर्धं पाणी. मधे कुठंच थांबली नाही. थांबली असती तर पुढचं बाहेर आलं नसतं.

"सोमवारपासून?" त्या बाईंनी विचारलं. आता त्यांचा आवाज समजावणारा नव्हता.

"सोमवारी साडेनऊपासून गुरुवारी सातपर्यंत."

"तिन्ही दिवसांचा माल मागवते. हे तुम्हाला लेखी द्यावं लागेल. याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला?"

"कळतोय."

"मग आज सकाळी का नाही सांगितलंत?"

याला तिच्याकडे उत्तर होतं, पण ते बोलण्यासारखं नव्हतं. आज सकाळी आठजणी तिच्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुकानांतल्या फळ्या रिकाम्या झाल्या. ज्यांनी आधीच खाल्लं होतं त्यांच्या पोटातून काही परत येणार नव्हतं. संध्याकाळपर्यंत आजारी माणसांचा आकडा सतरावर गेला, आणि नव्या सहांपैकी पाचजणांनी बुधवारच्या पिशवीतलं खाल्लं होतं. खोलीला कुलूप लागलं. मालकांनी तिला आत बोलावलं नाही, फाटकापाशीच उभं केलं.

"वाईट माणसानं केलं असतं तर मला राग तरी आला असता," ते म्हणाले. "आता मी कुणावर रागवू, ताई?"

बायका रस्त्याच्या पलीकडे घोळका करून उभ्या होत्या. रेडिओ एकटी पुढं आली.

"मी बघितलं होतं," ती हळू बोलली. "खुंटी फिरवताना. मीही बोलले नाही. माझेही हात जळत होते."

"तुला काही विचारलं तर माझं नाव सांग. तुझं सांगू नकोस."

"तिला सांगितलंत? चिमणीला?"

"जाते आहे."

दवाखान्याच्या बोळात तोच पिंप, तीच बाकं. भिंगरीला आता यंत्रावर घेतलं होतं. रक्त बाहेर काढून धुतात आणि परत आत सोडतात, असं चिमणीनं सांगितलं. "धुतात" म्हणताना ती जराशी अडखळली. काचेतून पलंगाचं टोक दिसत होतं, आणि चादरीखाली पावलांचे दोन लहान उंचवटे. ते हलत नव्हते.

सासू बाकावर डोळे मिटून बसली होती.

"चल, तिकडे खिडकीपाशी," पाणीताई म्हणाली.

"इथंच बोला. मी दारापासून हलत नाही."

म्हणून तिनं तिथंच सांगितलं, काचेच्या दाराशी, हलक्या आवाजात. चिमणी ऐकताना तिच्याकडे बघत नव्हती, पावलांकडे बघत होती. सांगून झालं तरी बघतच राहिली.

"मी म्हटलं होतं का, कमी करा?" शेवटी तिनं विचारलं.

"नाही."

"एका शब्दानं तरी?"

"नाही गं."

"मग का केलंत?"

"तुझे हात बघवेनात."

चिमणीनं आपले हात वर केले आणि उलटसुलट करून बघितले. सहा दिवस पाण्याबाहेर होते ते. चिरा भरून आल्या होत्या. नवी कातडी आली होती, गुलाबी, तान्ह्या मुलासारखी. ती त्या हातांकडे अशी बघत होती जसं कुणी परक्याचं सामान आपल्या खोलीत ठेवून गेलं असावं.

"घरी पाठवायचं होतं मला," ती म्हणाली. "दुसरीला घेतलं असतं तर घेतलं असतं. उपाशी नसते मेले मी. माझी भिंगरी..." मग थांबली. ताईला वाटलं, आता ती ओरडेल. मारेल. ताई त्याची वाटच बघत होती, अंगभर. पण चिमणी मागं वळली आणि बाकाकडे बोट दाखवलं.

"आईंना सांगा."

"काय?"

"हेच. जे मला सांगितलंत ते. गेले चार दिवस मी या दाराशी उभी आहे आणि रोज ऐकतेय की मी माझ्या पोरीला विष घातलं. आल्यागेल्याला सांगतात त्या. तिच्या बापाला सांगितलं, तो माझ्याशी बोलत नाही. नर्स म्हणाली, बाई, तुम्ही तरी धुवायचंत. ताई, मला तुमची माफीबिफी नको. ती घेऊन मी काय करू? जा, आणि त्यांना सांगा."

पाणीताई बाकापाशी गेली. सासूच्या शेजारी बसायला तिला धजावेना. ती समोर उभी राहिली, शाळेत चूक कबूल करायला उभं राहतात तशी, आणि दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. या वेळी ते जास्त कठीण गेलं. खुंटी म्हणजे काय, पट्टी म्हणजे काय, अर्धं पाणी का ठेवतात, म्हातारीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती मधे मधे विचारत होती. "म्हणजे घरी धुतलं असतं तर?" आणि ताई सांगत होती, "तरी गेलं नसतं, काकू. पुरतं गेलं नसतं." "म्हणजे हिनं काही केलं नाही?" "हिनं काहीच केलं नाही." "हिनं काहीच केलं नाही," म्हातारी पुन्हा म्हणाली, जणू हिशेबातली मोठी रक्कम तिला कुणीतरी वाचून दाखवली होती आणि ती चुकीची निघाली होती.

बोळाच्या टोकाला भिंगरीचा बाप जेवणाचा डबा घेऊन येताना दिसला.

"त्यालाही सांगा," चिमणी दाराशीच उभी राहून म्हणाली.

पाणीताईनं त्यालाही सांगितलं. तो डबा हातात धरून ऐकत राहिला. ऐकून झाल्यावर त्यानं ताईला एकच शिवी दिली, आणि तीही इतक्या हळू, जणू दवाखान्यात मोठ्यानं बोलायचं नसतं हे त्याला त्याही वेळी आठवलं. मग तो बायकोकडे गेला. तिच्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला. डबा पुढं केला. तिनं घेतला नाही. त्यानं तो खाली ठेवला आणि तिथंच भिंतीला टेकला, ती जशी टेकली होती तसा.

आतून नर्स आली. "आईनं आत यायचं. एकटीनं."

चिमणीनं पायातल्या चपला काढल्या, आत जायचे कापडी बूट चढवले आणि मागं न बघता गेली. दार आपोआप मिटलं.

पाणीताई जायला निघाली होती. कुणी तिला थांब म्हटलं नव्हतं आणि कुणी जा म्हटलं नव्हतं. तेवढ्यात म्हातारीनं तिचा हात धरला. रागानं धरला असेल असं तिला वाटलं, पण ती पकड पडणारा माणूस धरतो तशी होती.

"तुम्ही फोन करून माल परत मागवलात म्हणालात ना?"

"हो."

"सगळा आला?"

"राहिलेला आला."

म्हातारी मिटलेल्या दाराकडे बघत होती. मांडीवरची पिशवी घसरून खाली पडली होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"मी तिला चार दिवस बोलले," ती म्हणाली. "उभं केलं. बस म्हटलं नाही. आता आत पोरीपाशी एकटी आहे आणि माझंच बोलणं कानात घेऊन बसली असेल."

पाणीताई वाकली, पिशवी उचलून म्हातारीच्या शेजारी ठेवली, आणि पलीकडच्या बाकाच्या अगदी कडेला बसली. बाप भिंतीशी उभाच होता. तिघंही दाराकडे बघत होते.